पीएचडीचं डिझाइन: आश्रमशाळेतल्या मुली, अळिवाचे लाडू आणि हिमोग्लोबिन. चुकतंय कुठे?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी गृहविज्ञान शिकवते, नंदुरबारकडे. नोकरी सांभाळून पीएचडीला रजिस्टर झालेय, कोर्सवर्क संपलं, आता दीड महिन्यानी समितीपुढे सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा मांडायचाय. विषय असा की आश्रमशाळेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलींना रोज एक अळीव-बाजरी-गुळाचा लाडू दिला तर ९० दिवसांत हिमोग्लोबिन वाढतं का.

आत्ता कागदावर असलेलं डिझाइन सांगते. एक आश्रमशाळा घ्यायची, सगळ्या मुलींचं एचबी (हिमोग्लोबिन) तपासायचं, १० ग्रॅमच्या खाली असतील त्यातल्या ६० निवडायच्या, ९० दिवस लाडू द्यायचा, परत तपासायचं आणि पेअर्ड टी-टेस्ट, म्हणजे त्याच मुलींच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना. गाइड म्हणतात ठीक आहे, आपल्या विषयात असंच करतात. शोधगंगावर (प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) पाहिलं तर खरंच बरेच प्रबंध याच साच्यातले सापडले. दुसऱ्या एका सरांनी सांगितलं की नमुना ६० नको ३८४ घे, टेबलमध्ये तेवढाच येतो.

माझं मन खाणारी गोष्ट वेगळीच आहे. मागच्या वर्षी आमच्या हॉस्टेलवर १२ मुलींवर छोटं पायलट केलं. एचबी वाढलं, मी खूश. नंतर वॉर्डनताईंनी सांगितलं की त्यातल्या दोघी लाडू खातच नव्हत्या, चव आवडली नाही म्हणून रोज रूममेटला देत होत्या. मी रजिस्टर काढून बघितलं तर त्या दोघींचंही एचबी वाढलेलं. एकीचं तर सगळ्यात जास्त. तेव्हापासून हे डिझाइन मला नीट वाटत नाहीये पण नेमकं काय चुकतंय ते शब्दात पकडता येत नाहीये. प्लीज सांगा, आत्ता बदलता येईल, नंतर नाही.

आकडेमोड

ताई, त्या दोन मुलींनी तुमची पीएचडी वाचवलीय असं समजा. मी कॉलेजात स्टॅट शिकवतो, प्रबंधाचे आकडे घेऊन बरीच मुलं येतात आणि बहुतेक वेळा उशीर झालेला असतो कारण डेटा गोळा करून झालेला असतो. तुम्ही आधी विचारताय, खूप बरं वाटलं.

काय झालं ते सांगतो. समजा युनिट टेस्टमध्ये वर्गातली सगळ्यात कमी मार्कांची १० पोरं निवडली, त्यांच्या हातात गंडा बांधला आणि महिन्याने परत टेस्ट घेतली. त्यांची सरासरी वाढणार, जवळजवळ नक्की वाढणार. का, तर त्या दहांत काही खरंच कच्ची आहेत पण काहींना त्या दिवशी ताप होता, कुणाचा पेपर अर्धा राहिला, कुणाला नेमके न येणारे प्रश्न आले. पुढच्या वेळी तो वाईट दिवस परत येत नाही आणि मार्क आपोआप वर सरकतात. गंड्याचा काही संबंध नाही. गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं, टोकाची मापं पुढच्या खेपेला सरासरीकडे झुकतात.

तुम्ही एचबी १० च्या खालच्याच मुली निवडल्यात की नेमकं हेच होणार. बोटातलं रक्त, मशीनचा थोडा फरक, त्या आठवड्यातली पाळी, नुकताच येऊन गेलेला ताप, या सगळ्यामुळे काही मुली तात्पुरत्या १० च्या खाली दिसल्या असतील, त्या पुढच्या वेळी वर येतीलच, लाडू खावो न खावो. शिवाय त्याच ९० दिवसांत लोहाच्या गोळ्या चालू, जंताचं औषध चालू, सुट्टीत घरी राहून आलेली मुलगी परत मेसचं जेवण जेवायला लागलेली. एवढं सगळं एका पेअर्ड टी-टेस्टमध्ये लाडवाच्या नावावर जमा होणार.

म्हणून तुलनेचा गट हवाच. लाडू न खाणाऱ्या तशाच मुली, त्याच दिवसांत, त्याच पद्धतीने मोजलेल्या. वाढ किती झाली हा तुमचा प्रश्नच नाही, लाडवामुळे जास्तीची वाढ किती झाली हा आहे.

३८४ बद्दल संध्याकाळी लिहितो, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मला मनापासून बोलायचंय.

जुनी_वही

माझा अनुभव लिहू का, कदाचित तुमची दोन वर्षं वाचतील. माझी पीएचडी शिक्षणशास्त्रातली. वाचन शिकवायची एक पद्धत तपासायची होती. मी कंट्रोल ग्रुप घेतला होता बरं का, त्यामुळे निर्धास्त होते. एका शाळेत नवी पद्धत, दुसऱ्या शाळेत नेहमीची, दोन्हीकडे ७५-७५ मुलं, निकाल झकास, पी व्हॅल्यू ०.००१ च्या खाली, म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसणं फारच अवघड.

व्हायवाला बाहेरून आलेल्या मॅडमनी शांतपणे एकच प्रश्न विचारला. म्हणाल्या, या दोन शाळांत शिकवण्याची पद्धत सोडून बाकी काय काय वेगळं होतं? मी बोलायला लागले आणि बोलता बोलताच मला कळत गेलं. एका शाळेत तिसरीच्या बाई पंधरा वर्षं तोच वर्ग घेणाऱ्या, दुसरीकडे शिक्षक जूनमध्ये बदलून आलेले. एका गावात वाचनालय, दुसऱ्यात नाही. एका शाळेतली निम्मी मुलं ऊसतोडीला जाऊन आलेली. मॅडम म्हणाल्या मग १५० मुलं म्हणू नका, तुमच्याकडे दोनच शाळा आहेत, एक इकडे एक तिकडे, आणि दोन शाळांत काही ना काही फरक असणारच.

डिग्री मिळाली, पण त्या प्रबंधातून पेपर काढायचं धाडस मला आजवर झालं नाही. तुम्ही नुसता कंट्रोल ग्रुप टाकून एक शाळा लाडवाची आणि एक बिनलाडवाची असं करू नका, कळकळीने सांगतेय.

काळी_कसदार

आम्हा शेतीवाल्यांना हे पहिल्याच वर्षी शिकवतात, कारण जमीन खोटं बोलू देत नाही. विहिरीजवळच्या वावरात नवं खत टाकलं आणि माळाकडच्या वावरात जुनं, तर जास्त उतारा खताचा की विहिरीचा? म्हणून संख्याशास्त्रज्ञ फिशरने इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात बसून सांगितलं की रान सारख्या पट्ट्यांत विभागा, प्रत्येक पट्ट्यात सगळी खतं येऊ द्या, कुठल्या वाफ्याला कुठलं खत ते चिठ्ठी टाकून ठरवा आणि हे परत परत करा. पट्टा, चिठ्ठी, पुनरावृत्ती. आमचा आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) म्हणजे हेच.

तुमच्याकडे पट्टा म्हणजे शाळा. मग *प्रत्येक शाळेच्या आत* निम्म्या मुलींना लाडू आणि निम्मींना दुसरं काही, असं चिठ्ठीने नाही का करता येणार? शाळेशाळेतला फरक आपोआप बाजूला पडेल.

आणि मोजण्याबद्दल एक गोष्ट सांगतो, आपल्याच मातीतल्या माणसाची. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, मोठे संख्याशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात देशात पीक कापणी प्रयोग सुरू होते, छोटा तुकडा मोजून कापायचा आणि त्यावरून जिल्ह्याचं उत्पन्न काढायचं. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार छोटा घेतला की उत्पन्न फुगून येतं. कारण साधं आहे, दोरीच्या अगदी कडेवर उभं असलेलं ताट आत धरायचं की बाहेर, हे कापणारा ठरवतो आणि त्याचा हात आत ओढायचाच असतो. तुकडा छोटा असला की क्षेत्राच्या मानाने कडा जास्त, मग चूकही जास्त. कुणी लबाडी करत नाही तरी आकडा एकाच बाजूला झुकतो. अशी चूक नमुना दुप्पट करून जात नाही, उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढतो. तुमच्या कामात ती कड कुठे आहे ते शोधा.

पाणंद

कड कुठे आहे ते मी सांगतो. मी निवृत्त डॉक्टर, मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन शिकवायचो. कड बोटाच्या टोकावर आहे.

एका शाळेत शिबिर होतं, तिथलं दृश्य डोळ्यासमोर आहे. जुलैचा पाऊस, मुलींचे हात गार, तंत्रज्ञ मुलगा घाईत. लॅन्सेट टोचली, थेंब येईना, म्हणून त्याने बोट मुळापासून पिळलं. थेंब आला, फिकट गुलाबी, कडेला पाण्यासारखा. तोच त्याने मशीनच्या क्युव्हेटमध्ये (छोट्या पट्टीत) घेतला, आकडा आला ९.१. मी त्या मुलीचे हात चोळून गरम करायला लावले, दुसऱ्या बोटाला थोडी खोल टोचणी, पहिला थेंब पुसला, न पिळता आलेला पुढचा घेतला. १०.८. तीच मुलगी, मध्ये पाच मिनिटं. पिळलं की रक्तात पेशीबाहेरचं पाणी मिसळतं आणि एचबी कमी दिसतं. आता समजा बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची तपासणी, गार दिवसात घाईघाईत झाली आणि शेवटची तपासणी ऑक्टोबर हीटमध्ये हात बसलेल्या तंत्रज्ञाने केली, तर कुणी काही न खाता एचबी वाढलेलं दिसेल.

देशपातळीवरही हा वाद आहे. एनएफएचएस ५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या मुलींत ॲनिमिया ५९ टक्के, तिथे बोटातलं रक्त. सीएनएनएस या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) १० ते १९ वयाच्या मुलींत ४० टक्के, तिथे शिरेतलं रक्त. वयोगट तंतोतंत एक नाहीत हे खरं, पण एवढ्या फरकात रक्त कुठून घेतलं याचा वाटा आहे असं बऱ्याच जाणकारांचं मत आहे. तेव्हा ताई, शिरेतलंच रक्त घ्या, एकच लॅब, एकच ॲनालायझर, नळीवर फक्त नंबर, म्हणजे लॅबवाल्याला कुठली मुलगी कुठल्या गटातली ते कळणार नाही. साहलीची नळी आणि डोळ्याने रंग जुळवणं तर नकोच.

दुसरं, तुमच्या जिल्ह्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे. सिकलसेलच्या रुग्ण मुलीचं एचबी कायमच कमी असतं आणि त्याचं कारण लोहाची कमतरता हे नसतं. १० च्या खालच्या मुली निवडताना अशा मुली बरोबर तुमच्या गटात येऊन बसतील आणि लाडवाने त्यांना काहीच फरक पडणार नाही. प्रत्येकीची सिकलसेल तपासणी आधी करा, आता राष्ट्रीय मोहिमेत (२०२३ पासून) बऱ्याच मुलींची झालेलीही असेल, कार्ड मागा.

तिसरं, ८ च्या खाली एचबी असलेली मुलगी सापडली तर ती अभ्यासासाठी नाही, तिला त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं. तिला नव्वद दिवस लाडू देऊन बघू असं म्हणता येत नाही. आणि सोमवारची निळी गोळी, ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, ती दोन्ही गटांत चालूच राहील. अभ्यासासाठी सरकारी गोळी थांबवायची नाही. तुमचा प्रश्न मग असा होतो की गोळी चालू असताना लाडवाने *आणखी* काही मिळतं का. हा जास्त उपयोगाचा प्रश्न आहे.

जमलं तर फेरिटिनही करा, त्यातून अंगातला लोहाचा साठा कळतो, सोबत इन्फेक्शन दाखवणारी सीआरपी, कारण अंगात इन्फेक्शन असलं की फेरिटिन खोटं वाढतं. पैसे नसतील तर निम्म्या मुलींत करा, त्या निम्म्या चिठ्ठीनेच निवडा.

तापीकाठ

रात्रीचे साडेअकरा झालेत आणि मी वही घेऊन बसलेय. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पाणंद सर, सिकलसेलचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि मी याच जिल्ह्यात राहते.

काळी_कसदार, शाळेच्या आत दोन गट करायची कल्पना पटली पण एक भीती आहे. मुली एकत्र जेवतात एकत्र झोपतात. अर्ध्या मुलींना लाडू आणि अर्ध्या बघत बसल्या, हे मला बघवणार नाही, आणि त्या वाटून खाणारच. हॉस्टेलवर तेच झालं होतं. मग शाळाच वेगवेगळ्या घ्याव्यात का? किती घ्याव्या लागतील?

आकडेमोड

आता हिशोब. आधी ते ३८४. हा आकडा क्रेजसी-मॉर्गनच्या १९७० च्या टेबलातून येतो आणि त्याचा अर्थ एवढाच की मोठ्या लोकसंख्येत एखादी गोष्ट *किती टक्के* आहे ते ५ टक्के इकडे-तिकडे धरून, ९५ टक्के खात्रीने सांगायचंय, आणि नमुना खरोखर रँडम आहे. १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५ भागिले ०.०५ चा वर्ग, झाले ३८४. तुमचा प्रश्न टक्केवारीचा नाही, दोन गटांतल्या फरकाचा आहे, तिथे या आकड्याचा काही संबंध नाही. कुणी विचारलं तर समितीत एवढंच शांतपणे सांगा.

तुमच्यासाठी दोन गोष्टी ठरवायला लागतात. किती फरक पडला तर तुम्ही म्हणाल की लाडू कामाचा? समजा ०.५ ग्रॅम. आणि मुलीमुलींत एचबीचा स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांचा पसारा, किती? पायलटवरून काढा, आत्ता १.४ धरू. ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडायची शक्यता), ५ टक्के पातळी (फरक नसताना चुकून दिसायची शक्यता). एका गटात लागतात साधारण १५.७ × (१.४)² ÷ (०.५)² म्हणजे १२३ मुली. हे झालं प्रत्येक मुलीसाठी वेगळी चिठ्ठी काढली तर.

शाळेची चिठ्ठी काढली तर गणित बदलतं. एका शाळेतल्या मुली एकच मेस जेवतात, एकच पाणी पितात, त्यांचं एचबी एकमेकींशी थोडं जुळतं. हे जुळणं ०.०५ इतकंच धरलं आणि शाळेमागे ३० मुली, तर १ + २९ × ०.०५ = २.४५ पट नमुना लागतो. १२३ चे ३०१ झाले, म्हणजे गटाला १० शाळा, दोन्ही मिळून २०. ०.०५ हा आकडा ऐकायला किती लहान वाटतो, पण नमुना अडीच पट करतो. जुनी_वही यांच्या मॅडम जे म्हणाल्या त्याचं हे गणित.

सह्यकडा

सगळं बरोबर आहे पण मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. २० आश्रमशाळा, नंदुरबारचे रस्ते, पावसाळा, पूर्णवेळ नोकरी आणि फेलोशिप नाही. २०२२ च्या यूजीसी नियमांत पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं, बायकांना थोडी सवलत आहे, तरी एकटी व्यक्ती हे कसं करणार? मी स्वतः नोकरी करून केलीय. खूप मोठं डिझाइन अर्धवट सोडण्यापेक्षा लहान आणि पक्कं केलेलं चांगलं. प्रश्न लहान करा. लाडवातलं लोह किती, टिकतो किती दिवस, मुली रोज खातात का, एवढ्यावरही एक प्रामाणिक प्रबंध होतो, आणि तो ६० मुलींच्या बिनकंट्रोल प्रबंधापेक्षा कितीतरी खरा असेल.

काळी_कसदार

सह्यकडा +१, पण मला वाटतं मधला रस्ता आहे. ताई, बघत बसायला नको असेल तर *सगळ्यांनाच* लाडू द्या. एकाच रंगाचे, एकाच वजनाचे, एकात अळीव आहे एकात नाही. मग मुलगी-मुलगी चिठ्ठी काढता येते, गटाला १२३ पुरतात आणि चार शाळांत काम होतं. वाटून खाल्लं तर काय हा प्रश्न उरतो, तो समोर बसवून खाऊ घातला की सुटतो.

तापीकाठ

अहो हे तर माझंच काम आहे! दोन लाडू ओळखू येतात का हे बघायला आम्ही ट्रायँग्युलर टेस्ट घेतो. तीन वाट्या, दोनात एकच पदार्थ, तिसऱ्यात वेगळा, वेगळा कोणता ते ओळखा. काहीच कळत नसेल तरी तीनात एक जण नशिबाने बरोबर सांगतो, त्यापेक्षा जास्त लोकांनी ओळखला तर फरक जाणवतोय. इतकी वर्षं मुलींना शिकवतेय आणि स्वतःच्या प्रबंधात वापरायचं सुचलं नाही.

ओला अळीव भिजवून खोबऱ्यात केला तर दोन दिवसात खराब होतो, म्हणून कोरडा भाजून भरड काढायचाय. दुसऱ्या लाडवात अळिवाच्या जागी खसखस बघते किंवा राजगिरा, नाही दोन्हीत लोह बरंच असतं, ते नको, तांदळाची भाजलेली भरड बघते. रंगासाठी बाजरीचं पीठ थोडं जास्त भाजावं लागेल. गूळ मात्र दोन्हीत एकाच भेलीतला, कारण गुळातलं लोह कुठल्या कढईत रस आटवला त्यावरही बदलतं. लोखंडी कढईत पाक केला तर लाडवातच लोह उतरेल, म्हणून पाक स्टीलच्या पातेल्यात. आणि प्रत्येक घाण्यातले चार लाडू लोह तपासायला लॅबला.

उत्तरवारा

मी सध्या परदेशात पोस्टडॉक करतोय, मूळ जळगावचा, धागा वाचून घरची आठवण आली. थोडंच लिहितो. मुख्य निकाल एकच ठरवा आणि आत्ताच लिहून ठेवा: ९० व्या दिवसाचं एचबी, बेसलाइन एचबी धरून दोन गटांतला फरक. वजन, बीएमआय, थकवा, हजेरी, मार्क हे सगळं मोजा पण दुय्यम म्हणून. २० गोष्टी ५ टक्के पातळीवर तपासल्या, आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तर कशाचाच परिणाम नसताना निदान एक तरी 'सिग्निफिकंट' निघायची शक्यता ६४ टक्के असते. नंतर तीच एक उचलून शीर्षकात घातलेले पेपर मी पाहिलेत.

चिठ्ठ्यांची यादी तुम्ही स्वतः बनवू नका, ज्याचा शाळेशी संबंध नाही अशा कुणाला तरी बनवू द्या. नाहीतर समोरची अशक्त पोर बघून हात आपोआप तिला अळिवाच्या यादीत टाकतो. मायेनेच टाकतो, पण तुलना तिथेच बिघडते.

पाणंद

उत्तरवारा यांचं अगदी बरोबर. १९४८ साली छापून आलेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रयोगात (१०७ टीबीचे रुग्ण, ५५ ना औषध, ५२ ना फक्त विश्रांती) संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी पाकिटं बंद करून ठेवली होती ती याचसाठी, रुग्ण दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरला पुढचं नाव कुठल्या गटात ते कळू नये म्हणून.

आता परवानग्या. एथिक्स कमिटी आधी, मग सीटीआरआयवर (अशा प्रयोगांची देशपातळीवरची नोंदवही) नोंदणी, मग पहिली मुलगी. हा क्रम चुकवू नका, सीटीआरआयवर नोंदणी पहिल्या मुलीच्या आधीच हवी. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी म्हणजे शाळेत पाऊल ठेवायची परवानगी, मुलीच्या रक्ताची नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १८ च्या खालच्यांसाठी आईवडिलांची संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. मुख्याध्यापक किंवा अधीक्षिका आईबापांच्या वतीने सही करू शकत नाहीत, हे बऱ्याच ठिकाणी सर्रास होतं आणि चूक आहे. पालक दूर पाड्यावर असतात, तर जूनमध्ये मुलींना सोडायला येतात तेव्हा गाठा, भिलीत किंवा पावरीत बोलणारं कुणी बरोबर असू द्या. आया विचारतील की अळीव गरम असतो ना, बाळंतिणीला देतात ना, मग पोरीला का. त्याला नीट उत्तर तयार ठेवा. एखादी मुलगी नाही म्हणाली तर तिलाही साधा लाडू मिळेल आणि बाईंच्या वागण्यात काही बदल होणार नाही, एवढं तिला खरंच वाटलं पाहिजे.

धीर यावा म्हणून एक सांगतो. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या सर्च या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांचं काम केलं आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९३ पासून दोन वर्षं आधी नुसत्या नोंदी, जन्म किती मृत्यू किती, मग १९९५ पासून गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी बाळाची काळजी. १९९९ मध्ये लॅन्सेटला छापून आलं, तुलनेच्या भागाच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ती ४७ गावं नसती तर लोक म्हणाले असते रस्ते झाले, दवाखाने झाले, आपोआप कमी झालं असेल. ती गावं होती म्हणून पुढे ही पद्धत देशाने घेतली. आपल्या महाराष्ट्रातल्या आदिवासी भागात झालेलं काम आहे हे.

सह्यकडा

चार शाळांचं डिझाइन असेल तर माझी हरकत मागे. एकच सुचवणी, कॅलेंडर बघा. शाळा जूनच्या मध्याला सुरू, मुली यायला जुलै उजाडतो, दिवाळीच्या सुट्टीत घरी. बेसलाइन जुलैच्या पहिल्या आठवड्यात केली नाही तर ९० दिवस बसत नाहीत, आणि तांबडी पेशी १२० दिवस जगते म्हणतात तेव्हा ९० च्या खाली यायला नको. दिवाळीनंतर घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुली परत येतीलच असं नाही.

आकडेमोड

गळती २० टक्के धरा. १२३ भागिले ०.८ म्हणजे १५४, दोन गट ३०८, चार शाळा म्हणजे शाळेमागे ७७. बेसलाइन एचबी हिशोबात घेतलंत की प्रत्यक्षात याहून कमी मुलींत भागतं, पण ती शिल्लक हाताशी असू द्या. जी मुलगी मध्येच लाडू खायची थांबली तिलाही शेवटी मोजा आणि चिठ्ठीत जो गट आला होता त्याच गटात धरा. न खाणाऱ्यांना वगळलं की उरतात चांगल्या भुकेच्या, निरोगी मुली, आणि परत आपण सुरुवातीच्या जागी येतो. १० च्या खालच्याच मुली घेऊ नका, १२ च्या खालच्या सगळ्या घ्या, ८ च्या खालच्या सोडून.

आणि समजा फरक नाहीच निघाला, तर तसंच लिहा. एवढ्या काळजीने केलेल्या अभ्यासात 'नाही' निघालं तर ते उत्तर कामाचं असतं, शोधगंगावर तसे प्रबंध कमी आहेत म्हणून जास्तच कामाचं.

तापीकाठ

मंडळी, मध्ये बरेच महिने गेले, धागा वर आणतेय कारण कळवायचं राहिलं होतं.

समितीत दीड तास गेला. गाइड आधी नाराज होते, वाढवून ठेवलंस म्हणाले. मी त्यांना हॉस्टेलचं रजिस्टर उघडून त्या दोन मुलींचे आकडे दाखवले. बराच वेळ ते पानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, हे समितीलाही दाखव. तेच पान पहिली स्लाइड म्हणून लावलं. ३८४ चा प्रश्न आलाच, आकडेमोड सरांनी सांगितलं तसं सांगितलं, मान्य झालं.

एथिक्स झालं, सीटीआरआय नंबर मिळाला. ट्रायँग्युलर टेस्टला ३६ जणी बसवल्या, पहिल्या खेपेला २१ जणींनी वेगळा लाडू ओळखला कारण अळीव दाताखाली चिकट लागतो. भरड आणखी बारीक केली, दुसऱ्यातली तांदळाची भरडही तशीच केली, मग १३ वर आलं. चिठ्ठ्यांची यादी दुसऱ्या कॉलेजातल्या एका सरांनी कॉम्प्युटरवर काढून बंद पाकिटात पाठवली, ती मी अजून उघडलेली नाही. लाडवाच्या डब्यांवर मुलींचे नंबरच असणार आहेत.

संमतीसाठी जूनमध्ये चारही शाळांच्या दारात बसले. एक आजी म्हणाली रक्त घेता तर उलटं कमीच होईल ना पोरीचं. तिला दोन मिलीची नळी हातात दिली, तिने ती उलटीसुलटी करून बघितली, नातीला दाखवली, मग अंगठा दिला. आठ मुली नको म्हणाल्या, त्यांच्यासाठी रोज साधे लाडू वेगळे करायचे आहेत.

सकाळच्या मधल्या सुट्टीत समोर बसून खायचं, चहा मात्र त्यानंतर एक तासाने, असं अधीक्षिकाताईंशी ठरलंय. उरलेला तुकडा वजन करून लिहायचा. पाणंद सर, रक्त घ्यायला येणाऱ्या सिस्टरना तुमचा तो पाच मिनिटांचा किस्सा सांगितला, आणि शिरेतूनच घ्यायचंय.

उद्या पहिल्या शाळेत बेसलाइन. आत्ता शेवटचा अळीव निवडून झाला, बाहेर पाऊस आहे, सकाळी सहाची गाडी धरायचीय.

जुनी_वही

ताई, पहिल्या दिवसापासून एक डायरी ठेवा. कोण आजारी पडलं, कुठल्या दिवशी मेस बंद होती, कुठल्या सोमवारी गोळी आलीच नाही, सगळं तारखेसकट. मी ठेवली नव्हती. उद्या संध्याकाळी कसं झालं ते इथे लिहा, वाट बघतेय.